आधार दाखवा, मग टाइप करतो

सांगलीत हरभट रोडच्या मागच्या एका बोळात, तीन पायऱ्या चढून, टायपिंग आणि झेरॉक्सचं एक दुकान आहे. पाटी नाही. २०१९ च्या पुरात ती गेली आणि मालकांनी नवी लावलीच नाही. नाव छापू नका असंही त्यांनी मला बजावलंय, तेव्हा इथं नाव नाही. पण तिथं माझं काम कसं झालं ते सविस्तर लिहितो. ज्यांच्या घरात जुनी कात्रणं, वह्या, पत्रकं ट्रंकेत पडून आहेत, त्यांना याचा उपयोग होईल.

मी वसंतदादा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात ३४ वर्षं दिवाणजी होतो. राहायला गावभागात. माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही सगळे तात्या म्हणायचो, गेल्या मार्गशीर्षात गेला. तात्या तालमीतला माणूस. शाळकरी वयात सायकलवर डबलसीट बसून गावोगावच्या जत्रांची मैदानं बघत फिरायचा, आणि त्यातली अर्धी वारी एकाच माणसासाठी असायची: बिजली मल्ल संभाजी पवार, म्हणजे आमचे आप्पा. विजेसारख्या चपळाईनं कुस्ती निकालात काढायचे म्हणून लोकांनी दिलेलं ते नाव. हा पैलवान पुढं चार वेळा सांगलीचा आमदार झाला, आणि तात्यानं त्या आमदारकीची कात्रणं तीस वर्षं जमवली. भाताच्या खळीनं दोनशे पानी वहीत चिकटवली, शेजारी निळ्या शाईनं स्वतःच्या ओळी लिहिल्या. तात्या कुठल्या पदावर नव्हता, त्याला काही मिळालं नाही, त्यानं काही मागितलंही नाही.

२०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. ४५ ला धोक्याची पातळी, त्यावर बारा फूट. आम्ही माणसं वेळेत बाहेर पडलो, पण कपाटावर ठेवलेली ट्रंक तिथंच राहिली. पाणी उतरल्यावर ती उघडली तर आत वह्यांची एकच ओली थप्पी. तात्यानं ती पंधरा दिवस पंख्याखाली वाळवली, पानं सुरीच्या पात्यानं सोडवली, आणि मग परत ट्रंकेत ठेवून दिली. पुन्हा त्या वह्यांना हात लावलेला मी बघितला नाही.

तो गेल्यावर मी ठरवलं की वर्षश्राद्धाच्या आत याची एक नीट पुस्तिका करायची. बारा प्रती, घरच्यांना आणि तालमीतल्या जुन्या गड्यांना द्यायला. आधी दोन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी म्हणाले, काका, फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाका, आम्ही प्रिंट मारतो. दुसऱ्या ठिकाणी वहीचा वास घेऊनच मान फिरवली. मग यार्डातल्या एका जुन्या तोलाईदारानं या दुकानाचं नाव सांगितलं.

दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. एक झेरॉक्स मशीन, एक स्कॅनर, दोन कॉम्प्युटर, आणि भिंतीवर कमरेच्याही वर पुराच्या पाण्याची पिवळी रेघ. रंग दिला तरी ती डोकावते. मालक साठीतले. एकतीस वर्षं लोकांचे अर्ज, निवेदनं, प्रतिज्ञापत्रं टाइप करत आलेत. आधी हाताच्या मराठी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. जिल्हाधिकारी कचेरी राजवाड्यात होती तेव्हा दुकानासमोर रांग असायची. कचेरी विजयनगरला गेली, गर्दी तिकडं गेली, हे मात्र इथंच राहिले. मदतीला त्यांची सून असते. स्कॅनिंगचं सगळं काम तीच बघते आणि तिचा हात फार हलका आहे.

तिनं पहिल्याच दिवशी वहीचं एक पान उचललं, उजेडासमोर धरलं आणि म्हणाली, "काका, ही पानं मशीनच्या फीडरमधनं घालायची न्हाईत. एकेक पान काचेवर ठेवून घेते. वेळ लागेल, चालेल न्हवं?" मी म्हटलं चालेल. त्या एका वाक्यावर मी वह्या तिथं सोडून आलो.

चौथ्या दिवशी मालकांचा फोन आला. "दिवाणजी, जरा येऊन जावा. टायपिंग थांबलंय."

गेलो तर त्यांनी वहीतल्या ओळींवर पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या होत्या. अकरा ठिकाणी. पेन्सिल इतकी हलकी की खोडली तर कळूही नये. म्हणाले, "या अकरा ओळींना आधार दाखवा, मग टाइप करतो."

मला राग आला, हे सांगायला हवं. पैसे मी देतोय, वही माझ्या मेलेल्या भावाची, आणि हे कोण आधार मागणारे? तसं मी बोलूनही दाखवलं. ते चिडले नाहीत. समोरचा स्टूल पुढं सरकवला, चहा सांगितला आणि पहिल्या खुणेवर बोट ठेवलं.

तात्यानं लिहिलं होतं, आप्पा वीस वर्षं आमदार होते. चार वेळा आमदार, पाच-पाच वर्षं, म्हणजे वीस. हिशेब बरोबर दिसतो. मालकांनी कागद घेतला. "पहिल्यांदा कधी निवडून आले? १९८६. ती पोटनिवडणूक. वसंतदादा राजस्थानचे राज्यपाल झाले म्हणून जागा रिकामी झाली, आणि आप्पा जनता पक्षाकडनं दादांच्या घरातल्या उमेदवाराला पाडून आले. बरोबर? पण पोटनिवडणुकीत निवडून आलेल्याला उरलेलीच मुदत मिळते. ती विधानसभा १९८५ ची, ती १९९० ला संपली. म्हणजे चार वर्षं. मग १९९० ते ९५, पाच. १९९५ ला परत आले, पण पुढची निवडणूक १९९९ च्या सप्टेंबरातच लागली, लोकसभेबरोबर, मुदतीच्या सहा महिने आधी. म्हणजे साडेचार. आणि २००९ ते १४, पाच. किती झाले?"

मी आयुष्यभर खतावण्या लिहिल्या. साधारण साडेअठरा होतात हे मला त्यांच्या आधी कळायला हवं होतं. तो माणूस माझ्याच भाषेत माझ्याशी बोलत होता. राग तिथंच उतरला.

त्या १९८६ च्या पोटनिवडणुकीत मी पहिल्यांदा मत दिलं होतं. तेव्हा मतदानाचं वय २१ होतं, अठरा ते १९८९ ला झालं. मी बाविशीत. कागदी मतपत्रिका, लाकडी शिक्का, आणि जनता पक्षाची निशाणी चक्रातला नांगरधारी शेतकरी. तात्यानं मला आदल्या रात्री पाटीवर खडूनं ती निशाणी काढून दाखवली होती, चुकू नये म्हणून. सांगलीत दादांच्या घराविरुद्ध मत देणं म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगून कळणार नाही. दादा म्हणजे चार वेळा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतलेला माणूस, साखर कारखाना त्यांचा, यार्डालाही पुढं त्यांचंच नाव. आमच्या घरातच दोन तट पडले होते. वडील दादांचे, तात्या आप्पांचा. निकालाच्या दिवशी तात्या अंगभर गुलाल घेऊन घरी आला, आणि वडिलांनी त्याला न बोलता न्हाणीत पाणी काढून दिलं. हे मी मालकांना सांगितलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "हे पण घालायचं."

"याला आधार कुठला?" मी विचारलं.

"तुम्ही. तुम्ही बघितलंय. ज्यानं बघितलं त्याच्या नावावर लिहायचं."

मग त्यांनी जी रीत बसवली, तिच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. पुस्तिकेत दोन प्रकारची अक्षरं. ज्याला कागद आहे, तारीख आहे, ते सरळ अक्षरात. जे तात्यानं पाहिलं, ऐकलं किंवा त्याला वाटलं, ते तिरप्या अक्षरात, खाली 'तात्या' असं लिहून. तात्याची एकही ओळ पुसली गेली नाही. फक्त तिची जागा ठरली.

दुसरी मोठी खूण गुंठेवारीवर होती. तात्यानं ठळक लिहिलं होतं, गुंठेवारी कायदा आप्पांनी आणला. सांगलीत राहणाऱ्याला गुंठेवारी काय ते सांगायला नको. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्यानं तुकडे करून विकलेले प्लॉट, त्यावर लोकांनी पोटाला चिमटा घेऊन बांधलेली घरं, आणि त्या घराला ना परवाना ना उतारा नीट. शामरावनगरसारख्या भागात काळ्या मातीत गुडघाभर पाण्यातून दप्तरं डोक्यावर घेऊन शाळेला जाणारी पोरं मी पाहिलीत. अशा वस्त्या नियमित करायचा कायदा राज्यानं २००१ साली केला. १ जानेवारी २००१ च्या आधीची बांधकामं त्यात येत. पुढं २०२१ ला दुरुस्ती झाली आणि ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आली.

मालक म्हणाले, "कायदा २००१ चा. आप्पा १९९९ ला सभागृहाबाहेर. मग त्यांनी तो आणला असं कसं लिहायचं? कायदा सभागृहात होतो. त्या वेळी आत नसलेल्या माणसानं बाहेरनं जोर लावला असेल. असेल तर कात्रण दाखवा, मोठ्या अक्षरात लिहितो."

मी दोन दिवस वह्या चाळल्या. तसं कात्रण सापडलं नाही. ओळ तिरप्या अक्षरात गेली: गुंठेवारी कायदा आप्पांमुळं झाला असं मला वाटतं, तात्या. मला ती आता जास्त आवडते. त्यात तात्याचा जीव दिसतो, आणि खोटंही काही राहत नाही.

तिसरी खूण महापालिकेची. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका ९ फेब्रुवारी १९९८ ला झाली. आप्पा तेव्हा आमदार होते. तात्यानं लिहिलं होतं, आप्पांनी महापालिका केली. मालकांनी सुचवलं, "महापालिका झाली तेव्हा ते सांगलीचे आमदार होते, एवढं लिहू. तेवढं शंभर टक्के खरं आहे." मग बराच वेळ ते शहरातल्या आमदारकीवर बोलले. एकतीस वर्षं लोकांची निवेदनं टाइप केलेल्या माणसाला जे कळतं ते भाषणं ऐकून कळत नाही, म्हणून त्यांचं बोलणं इथं देतो.

त्यांचं म्हणणं असं. खेड्यातल्या आमदाराकडं लोक पाण्याची योजना, रस्ता, कारखाना असली मोठी कामं घेऊन जातात. शहरातल्या आमदाराकडं लोक गटार, नळ, खांबावरचा दिवा घेऊन जातात. ते काम पालिकेचं. गटार आमदाराच्या सहीनं वाहत नाही. आमदाराला काय करता येतं? सभागृहात तारांकित प्रश्न विचारता येतो, मंत्र्याला उत्तर द्यावंच लागतं. लक्षवेधी लावता येते. कायद्यात दुरुस्ती मागता येते. आणि आमदार फंड. तो २०२० पर्यंत वर्षाला दोन कोटी होता, मग तीन, चार करत २०२२ ला पाच कोटी झाला. पण त्यातही आमदार काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची, काम करणारी यंत्रणा वेगळीच. म्हणून तात्याच्या वहीतल्या 'आप्पांनी रस्ता बांधला' या ओळीच्या जागी मालकांनी 'सुचवला' घातलं, आणि तेही ज्या एका रस्त्याच्या कोनशिलेचा फोटो कात्रणात होता तेवढ्यापुरतं. बाकीचे रस्ते तिरप्या अक्षरात.

"माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या सात जणांचा अर्ज चुकीच्या माणसाच्या नावानं असतो," ते म्हणाले. "शेरी नाल्याचं पाणी कृष्णेत जातंय म्हणून आमदारांना अर्ज. मी सांगतो, पहिला आयुक्तांना द्या, पोच घ्या. पोचेची झेरॉक्स जोडून आमदारांना द्या, म्हणजे त्यांना प्रश्न विचारायला कागद मिळतो." हे ते प्रत्येकाला फुकट सांगतात. माझ्यासमोर एक बाई घराच्या नियमितीकरणाची फाइल घेऊन आल्या होत्या. त्यांच्या अर्जावरचं नाव त्यांनी बदलून दिलं, कुठली पावती जोडायची ते पेन्सिलीनं कोपऱ्यात लिहून दिलं, आणि घेतले टायपिंगचे चाळीस रुपये.

आणखी एक गोष्ट त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर आणली, जी मला कधी सुचली नव्हती. तात्याच्या वहीत आप्पा सगळीकडं एकटे दिसतात, सिंहासारखे. मालकांनी एक पान जास्तीचं घालायला लावलं: ते कुठल्या बाकावर बसत होते. १९९० ला जनता दलाचे राज्यात २४ आमदार आले, १९९५ ला ११. सभागृह २८८ चं. त्या ११ मधले एक आप्पा. सरकार युतीचं, मोठा विरोधी पक्ष काँग्रेस, आणि मधे हे अकरा. अशा ठिकाणी बसून शहरासाठी काही पदरात पाडून घेणं किती अवघड असतं, हे त्या दोन आकड्यांतून जेवढं कळतं तेवढं तात्याच्या दहा पानी कौतुकातून कळत नव्हतं. मला तर वाटतं, आप्पांबद्दलचा माझा आदर त्या पानानं वाढला.

त्यांनी पक्ष बदलला ती गोष्टही वहीत दबक्या आवाजात होती. तात्याला ते बोचलं असावं. चक्र गेलं आणि २००९ ला कमळ आलं. मतदारसंघांची फेररचना झाल्यानंतरची ती पहिली विधानसभा. दहा वर्षं बाहेर राहिलेला, सत्तरीकडं झुकलेला पैलवान परत आखाड्यात उतरला आणि निवडून आला. मधल्या २००४ ला मदन पाटील निवडून आले होते, म्हणजे परत दादांचंच घर. तात्यानं २००९ च्या पानावर फक्त एक कात्रण चिकटवलं होतं, शेजारी काही लिहिलं नव्हतं. मी मालकांना विचारलं, इथं काय घालायचं? म्हणाले, "पक्ष, साल, निकाल. बाकी जागा कोरी ठेवा. तात्यांनी कोरी ठेवलीय न्हवं?" ती अर्धी जागा पुस्तिकेत कोरीच आहे.

मार्च २०२१ मध्ये आप्पा गेले. तात्याच्या वहीतलं शेवटचं कात्रण तेच. पुरानंतर त्यानं वहीला हात लावला नव्हता असं मी समजत होतो. पण ते कात्रण आत होतं, नव्या कोरड्या पानावर, आणि खळीचा वास अजून येत होता. स्कॅन करताना सूनबाईनंच ते मला दाखवलं. मी थोडा वेळ बाहेर पायरीवर जाऊन बसलो.

आता ज्या गोष्टी नीट झाल्या नाहीत त्या.

काम बारा दिवसांत देतो म्हणाले होते, एकवीस दिवस लागले. नऊ दिवस उशीर. मधे शाळा-कॉलेजच्या दाखल्यांचा मोसम आला, पोरांची रांग लागली आणि माझं काम मागं पडलं. पोरांचे दाखले आधी, हे मला पटतं. पण मला तसं आधी सांगायला हवं होतं. मी तीन वेळा पायऱ्या चढून रिकाम्या हातानं परत आलो, आणि माझे गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत. बसायला एक स्टूल आहे, त्यावर बहुतेक वेळा कागदाचे गठ्ठे असतात.

अक्षरांची गडबड झाली. त्यांचं जुनं टायपिंग वेगळ्या फॉन्टमध्ये आणि छपाईचं वेगळ्या. एकातून दुसऱ्यात नेताना रफार उड्या मारतो. आप्पांनी कारंदवाडीला जो सर्वोदय कारखाना उभा केला, त्याचं नाव पहिल्या प्रुफात सगळीकडं 'सवोर्दय' झालं होतं. 'निवडणूक निर्णय' चं 'निणर्य' झालं होतं. मी प्रुफं दोनदा वाचली, छत्तीस चुका काढल्या, आणि दुसऱ्या प्रुफातही चार राहिल्या. त्यातली एक छापून गेलीय, पान १७ वर. तुम्ही काम दिलंत तर प्रूफ स्वतः वाचा, रफारावर खास नजर ठेवा. कारखान्याच्या पानावर मी भांडणाचं बरंच लिहून नेलं होतं. मालकांनी तेवढंच ठेवलं जेवढं सगळ्यांना दिसतं: तिथं आज राजारामबापू कारखान्याचं तिसरं युनिट चालतं. मी या एका जागी त्यांच्याशी अजून सहमत नाही. त्या कारखान्यासाठी तात्यानं आपल्या बचतीतून शेअर घेतला होता, आणि त्याच्या मनातली चीड पुस्तिकेत यायला हवी होती. तिरप्या अक्षरात तरी. पण त्या विषयावर तात्याच्या हातची एकही ओळ वहीत नव्हती, आणि मालकांचा नियम माझ्यासाठीही मोडला नाही.

आणि एक कात्रण फाटलं. १९९० च्या निकालाचं. काचेवरून उचलताना मधोमध. ते लपवता आलं असतं, मला कळलंही नसतं. मी गेलो तेव्हा दोन्ही तुकडे पारदर्शक पिशवीत घालून समोर ठेवले होते, आणि सूनबाई रडवेली होऊन उभी. "काका, माझ्या हातनं झालं." मी तिला काय बोलणार? सात दिवस पाण्यात राहिलेला कागद तो. मालकांनी जपानी कागदाची पातळ पट्टी मागून लावून तो जोडला, ती पट्टी त्यांच्याकडं आधीपासून होती.

बिल असं: ६४ कात्रणांचं स्कॅनिंग, आठ रुपयांप्रमाणे ५१२. टायपिंग २८ पानं, चाळीसप्रमाणे ११२०. बारा प्रतींची छपाई, दोन रुपये पान, ६७२. रंगीत मुखपृष्ठ पंधराप्रमाणे १८०. स्पायरल पस्तीसप्रमाणे ४२०. एकूण २९०४. त्यांनी फाटलेल्या कात्रणाबद्दल आपण होऊन २०४ रुपये कमी केले आणि २७०० घेतले. मी पूर्ण द्यायला गेलो तर घेतले नाहीत. अकरा ओळींचा शोध, दोन दिवसांचं बोलणं, चार चहा, याचा आकार बिलात कुठंच नाही. हे दर मला रास्तच काय, कमी वाटतात. ऑनलाइन पैसे घेतात, पण पावती हातानं लिहून देतात, कार्बन लावून.

छपाईची प्रत म्हणाल तर काळं-पांढरं उत्तम आहे. रंगीत मुखपृष्ठ जरा गडद आलंय, आप्पांच्या तालमीतल्या फोटोत डोळे नीट दिसत नाहीत. फोटोच्या कामासाठी मी तिथं जा असं सांगणार नाही. कागदाच्या आणि शब्दांच्या कामासाठी डोळे मिटून जा. सकाळी अकराच्या आत गेलात तर मालक निवांत भेटतात. मंगळवारी गणपतीला जाऊन येतात, त्या दिवशी बारानंतर जा. जुने कागद नेणार असाल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून नेऊ नका, दोन पुठ्ठ्यांमधे धरून न्या. आणि तुमच्या घरातल्या माणसाबद्दल किंवा आवडत्या पुढाऱ्याबद्दल काही लिहून घेणार असाल तर सालं, तारखा, कात्रणं जमवूनच जा, नाहीतर पेन्सिलीच्या खुणा घेऊन परत यावं लागेल.

वर्षश्राद्धाच्या आदल्या संध्याकाळी मी प्रती घरी आणल्या. तालमीतल्या एका जुन्या गड्यानं, ज्याला आता चष्म्यानंही नीट दिसत नाही, नातवाकडून ती पूर्ण वाचून घेतली. नातू सरळ अक्षर एका आवाजात वाचायचा आणि तिरपं दुसऱ्या. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हातारा मधेच थांबवून विचारायचा, "हे तात्या बोलतोय काय?"

बाराव्या प्रतीचं काय करायचं ते ठरलं नव्हतं. ती मी दुकानात नेऊन दिली. मालकांनी पान १७ उघडलं, चुकलेल्या रफारावर पेन्सिलीनं खूण केली आणि ती पुराच्या रेघेच्या वरच्या फळीवर ठेवली.